छोटूची थेरपी आणि तुझे हात

पुणे

ती. स्व. मावशीस,


"हात लावल्याशिवाय कसली गो थेरपी? मोबाईलात बघून कुणाचं पोर सुधारलंय?" रविवारी वहिनी माझ्याशी फोनवर बोलत होती, तेव्हा मागून तू हे म्हणालीस. वहिनी एकदम गप्प झाली. मी तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण हा प्रश्न कुणा ऐऱ्यागैऱ्याचा नव्हता. तू सगळी नोकरी अंगणवाडीत काढलीस, शेकडो पोरांची वजनं केलीस. कुठलं मूल मागे पडतंय हे तक्त्यावर खूण करायच्या आधी तुला कळायचं. तुझ्या प्रश्नाला फोनवर घाईघाईने उत्तर देणं बरं दिसलं नसतं. म्हणून हे पत्र.

तुझी शंका रास्त आहे, हे आधीच सांगते. आमची विद्या हातांचीच आहे. मी शिकले त्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० साली ऑक्युपेशनल थेरपीचं भारतातलं पहिलं शिक्षण सुरू झालं, ते कमलाबाई निंबकरांमुळे. बाई जन्माने अमेरिकन, लग्न करून इकडच्या झाल्या, आणि चाळिशीनंतर पुन्हा अमेरिकेत जाऊन हा विषय शिकून आल्या. फलटणची 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा त्यांच्याच नावाची. तेव्हापासून आम्ही एकच गोष्ट बघतो: माणसाला त्याच्या रोजच्या दिवसातली कामं करता येतात की नाही, आणि येत नसतील तर कुठे अडतं. लहान मुलाची कामं म्हणजे जेवणं, दात घासणं, चड्डी घालणं, खेळणं, वर्गात बसणं, डबा उघडणं. ऑटिझम, एडीएचडी, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचं नेमकं यातलंच काहीतरी अडून बसतं. थेरपिस्ट मुलाच्या खांद्याला आधार देते, त्याचं मनगट धरते, आणि शरीर कुठे ताठ आहे, कुठे ढिलं, ते तिच्या तळव्याला कळतं. फोनवरून हे कळत नाही आणि पुढेही कळणार नाही.

मग छोटूच्या ऑटिझमसाठी वहिनी दर मंगळवारी करते काय? तू बहुतेक वेळा त्या वेळी मागच्या खळ्यात असतेस, म्हणून तुला वाटतं की छोटूला मोबाईलसमोर बसवून बाई त्याला काहीतरी दाखवतात. वहिनीने आणि कोल्हापूरच्या थेरपिस्टने होकार दिल्यावर मी एका सेशनचं रेकॉर्डिंग पाहिलं. त्यात तू आहेस, मावशी. तुला आठवत नसेल, म्हणून सांगते.

स्वयंपाकघर. फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवलेला, आणि तोही अशा बेताने की ताट, छोटूचे हात आणि त्याचे पाय दिसावेत. छोटूला स्क्रीन दिसतच नव्हती. वहिनीच्या एका कानात इअरफोन, त्यातून बाई हळू आवाजात बोलत होत्या. छोटू मोठ्या माणसांच्या प्लास्टिकच्या खुर्चीत, पाय लोंबकळत. एक घास घेतला की खाली घसरायचा, दाराकडे पळायचा, वहिनी त्याला धरून आणायची, पुन्हा एक घास. बाईंनी विचारलं, "पायाखाली ठेवायला पाट आहे का घरात?" तू पाट आणलास. पाय पोचेनात. मग कुणी न सांगता तू पडवीतून दोन विटा आणल्यास, त्या आडव्या ठेवून वर पाट ठेवलास. बाईंनी पाठीशी काहीतरी मऊ द्यायला सांगितलं, तर तू गोधडीची घडी घालून त्याच्या पाठीमागे खोचलीस. छोटूने दोन्ही पाय पाटावर टेकवले, एकदा खाली वाकून पाटाकडे बघितलं, आणि मऊभाताची अर्धी वाटी होईपर्यंत तो एकदाच उठला.

यात जादू काही नाही. पाय अधांतरी असले की मुलाचं सगळं लक्ष आणि सगळी ताकद आपण पडू नये यातच जाते. चमचा धरायला, चावायला, गिळायला काही उरत नाही. आपल्याला वाटतं मूल त्रास देतंय; ते खरं तर तोल सावरत असतं. पाय टेकले, कंबर आणि गुडघे काटकोनात आले, की हात आणि तोंड मोकळं होतं. आमच्या सेंटरवर यासाठी पाय टेकायची फळी असलेली लाकडी खुर्ची असते. छोटू तिथे आला असता तर त्या खुर्चीत छान बसला असता, थेरपिस्टने वहीत 'बसून जेवतो' असं लिहिलं असतं, आणि घरी येऊन तो पुन्हा त्याच प्लास्टिकच्या खुर्चीत लोंबकळला असता. ऑटिझम असलेल्या मुलांना एका जागी जमलेली गोष्ट दुसऱ्या जागी नेणं विशेष अवघड जातं. म्हणून जिथे जेवायचं तिथेच जेवणाचं शिकवावं, हे मला सेंटरवर इतकी मुलं बघून पटलेलं आहे.

आणि प्रत्यक्ष जायचं म्हटलं तरी जायचं कुठे, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. देवरुखहून कोल्हापूर म्हणजे आंबा घाट. एसटीत छोटूला उलट्या होतात, हॉर्न वाजला की तो कान दाबून ओरडतो, आणि पावसाळ्यात दरड आली की तेही बंद. पोचेपर्यंत पोर दमलेलं, पाऊण तासाच्या सेशनमधला अर्धा वेळ त्याला दाराजवळून आत आणण्यात जायचा, वहिनीची रजा, दादाचा खाडा. दर आठवड्याला हे कुणालाच झेपणारं नव्हतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आला, तेव्हा वर्षातून दोनदा अंगणवाडीत येणाऱ्या डॉक्टरांच्या टीमपुढे तू पोरं रांगेने उभी करायचीस. विकासात मागे पडलेलं मूल सापडलं की जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवायचं, असा तो कार्यक्रम. सापडलेली पोरं पुढे किती गेली आणि गेलेली किती टिकली, हे तू पाहिलंयस. ऑक्युपेशनल थेरपी शिकवणारी महाविद्यालयं आपल्या राज्यात थोड्याच शहरांत आहेत, आणि शिकलेल्या मुली त्याच शहरांत राहतात. मीही राहिले.

मुलं मात्र शहर बघून जन्माला येत नाहीत. २०१८ साली भारतातल्या पाच ठिकाणांच्या पाहणीचे निष्कर्ष आले, त्यात आपल्या शेजारचा उत्तर गोवाही होता. दोन ते नऊ वर्षांच्या जवळजवळ चार हजार मुलांना तपासलं होतं. दिसण्या-ऐकण्यातला दोष, फिट येणं, हालचालीतलं अपंगत्व, बोलण्यातली अडचण, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, आणि सहा वर्षांपुढच्या मुलांत एडीएचडी आणि अभ्यासातली अक्षमता, असं सगळं धरून साधारण बारा टक्के मुलांत यातलं निदान एक तरी निघालं. ठिकाणागणिक आकडा बराच कमीजास्त होता. तरी हिशेब करून बघ: पंचवीस पोरांच्या अंगणवाडीत तीन.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि आमची सेंटरं एका रात्रीत बंद पडली. त्याआधी दुरून थेरपी नव्हती असं नाही. ऑस्ट्रेलिया, अमेरिका यांसारख्या अवाढव्य देशांत ती चालू होती, आमच्या जागतिक संघटनेनेही २०१४ मध्येच तिला मान्यता देणारं निवेदन काढलं होतं. आपल्याकडे मात्र ती गरज म्हणून आली. नाइलाजाने सुरू केलेल्या त्या कामात आमच्यापैकी अनेकींनी आपल्या पेशंटचं घर पहिल्यांदा पाहिलं. ब्रश उंच फळीवर असतो म्हणून मूल स्वतःहून कधीच हात लावत नाही, हे दिसलं. नळ डाव्या हाताला आणि मुलाचा डावा हात आखडलेला, हे दिसलं. आणि 'आई भरवते' असं फॉर्मवर लिहिलेलं असताना प्रत्यक्षात आजी भरवते, हेही दिसलं.

इथे मी तुझ्याकडे येते. छोटूचे आईबाप दोघंही नोकरी करतात. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा छोटू तुझ्याकडे असतो. न्हाणं, जेवण, शी-शू, दुपारची झोप, सगळं तुझ्या हातचं. तू म्हणतेस हात लावल्याशिवाय थेरपी नाही. बरोबर. दिवसभर त्याला लागणारे हात तुझे आहेत. कोल्हापूरच्या बाई आठवड्यातून पाऊण तास बोलतात, बाकीचा आठवडा तू असतेस. त्यांना जे कळतं ते तुझ्या हातांपर्यंत पोचवायचं, एवढंच त्या फोनचं काम.

हे मी मनचं सांगत नाही. गोव्यात 'संगाथ' नावाची संस्था आहे. तिने आणि रावळपिंडीतल्या लोकांनी मिळून ऑटिझम असलेल्या ६५ मुलांबरोबर एक चाचणी केली, ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. आई आणि मूल खेळताना त्यांचा व्हिडिओ काढायचा, मग कार्यकर्ती आणि आई दोघींनी तो शेजारी बसून बघायचा. कुठे आई जरा थांबली आणि मूल आपणहून वळलं, तेवढा तुकडा पुन्हा बघायचा. आई स्वतःच्याच व्हिडिओवरून शिकते. या कार्यकर्त्या तज्ज्ञ नव्हत्या, तुझ्यासारख्याच प्रशिक्षण घेतलेल्या बाया होत्या. आईबाप मुलाच्या कलाने वागू लागले आणि मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करू लागली, असं त्यात दिसलं. मुलाने आणि पालकाने एकाच गोष्टीत रमणं, यात मात्र फायदा दिसला नाही. ते काम संवादाचं होतं, आमच्या थेरपीचं नव्हतं, आणि फोनवरूनही नव्हतं. पण घरातल्या माणसाला शिकवलं तर मुलापर्यंत पोचतं, हे त्यातून कळतं.

दुसरं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं, २००९चं, आणि ते आमच्याच विषयातलं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या ३६ मुलांना घेतलं. काहींच्या घरी आठ आठवडे थेरपिस्टने आखून दिलेला कार्यक्रम, काहींना काहीच नाही. आईबापांनीच ठरवलेली ध्येयं: शर्ट घालणं, चेंडू पकडणं, अशी. घरच्या कार्यक्रमाच्या मुलांना स्पष्ट फायदा झाला. मला त्यातला सगळ्यात मोलाचा आकडा वाटतो तो आईबापांनी प्रत्यक्षात किती केलं याचा: महिन्यातून सरासरी साडेसतरा वेळा, एका वेळी साडेसोळा मिनिटं. रोज नाही, तासन्‌तास नाही. वहिनीला हे मुद्दाम वाचून दाखव, कारण ती रात्री अकरापर्यंत त्याला मणी ओवायला बसवते आणि मग दोघंही रडतात.

दुरून केलेल्या ऑक्युपेशनल थेरपीवरचे अभ्यास अजून लहान लहान आहेत आणि पुष्कळसे आईबापांच्या सांगण्यावर उभे आहेत. काही ठरलेली ध्येयं घरच्या घरी गाठायला ती उपयोगी पडते, घरच्यांचा आत्मविश्वास वाढतो, इतपत मी खात्रीने म्हणते. त्यापेक्षा मोठं आश्वासन कुणी दिलं तर विश्वास ठेवू नकोस.

आता तुझ्या हातांविषयी. न्हाणीत तू छोटूला तेल लावतेस, ते मी लहानपणापासून स्वतः अनुभवलंय: खांद्यापासून मनगटापर्यंत एकाच दाबाने, भरपूर घट्ट. छोटूला हलका, गुदगुल्यासारखा स्पर्श सोसत नाही, कुणी गालावरून हात फिरवला की तो झटकतो, पण तुझ्या मालिशीत शांत राहतो. काही मुलांना असा घट्ट दाब निववतो. सगळ्यांना नाही, पण याला निववतो. बाईंनी म्हणूनच केस कापायच्या आणि नखं काढायच्या आधी मालिश करायला सांगितलंय. तू ते वर्षानुवर्षं करत आलीस, फक्त आता वेळ ठरवून कर.

तुझ्या घरातच सगळं साहित्य आहे. आमच्या सेंटरवर बोटांच्या ताकदीसाठी रंगीत लगदा आणतात, आणि तुझ्या परातीत भाकरीची उकड असते. थोडी कोमट झाली की त्याला एक गोळा दे, मळू दे, चिमटे काढू दे. फणसाच्या आठळ्या उकडल्यावर सोलायला दे. एका हाताने धरायचं आणि दुसऱ्याने ओढायचं, हे दोन हातांचं काम त्याला पुढे बटणाला आणि डब्याच्या झाकणाला लागणार आहे. धुणं वाळत घालताना चिमटे त्याच्या हाती दे. विहिरीवरून आणलेल्या पाण्यातली अर्धी छोटी बादली तो झाडापर्यंत नेऊ दे. जड काही उचललं, ढकललं की त्याच्या अंगातली भिरभिर थोडी उतरते, हे तूच मला सांगितलं होतंस. लिहिण्यासाठी पेन्सिल नको इतक्यात. खडूचा बोटभर नव्हे, नखाएवढा तुकडा दे आणि पडवीच्या दारावर उभ्याने रेघा मारू दे. तुकडा लहान असला की मूठ वळवता येत नाही, तीन बोटांनीच धरावा लागतो, आणि उभ्या दारावर मनगट आपोआप मागे वळतं.

एका बाबतीत मात्र तुला सवय बदलावी लागेल. आंघोळीनंतर तू त्याची चड्डी सर्रकन वर ओढतेस. कामं पडलेली असतात, मला कळतं. पण बाईंनी वहिनीला शिकवलंय ते असं: चड्डी गुडघ्यापर्यंत आपण चढवायची, मांडीपर्यंत आणायची, आणि शेवटचं कमरेपर्यंत ओढणं त्याच्यासाठी ठेवायचं. ते जमलं की गुडघ्यापासून त्याने. मग पावलांपासून. शेवटून सुरुवात केली की प्रत्येक वेळी काम पुरं करणारा तोच असतो, आणि 'झालं' याचा आनंद त्याला मिळतो. वहिनी सकाळी हे करते आणि दुपारी तू ओढतेस, तर मुलाला दोन वेगळे नियम मिळतात. तेवढी काही क्षणांची वाट बघ. त्याचे हात कमरेशी गेले आणि थांबले, तरी बोलू नकोस. मनात दहापर्यंत मोज. ऐकलेलं हातापर्यंत पोचायला त्याला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि मधेच दुसरी सूचना आली की पहिली हरवते.

मोबाईलचा तुझा राग मला मान्य आहे. बालरोगतज्ज्ञांच्या आपल्या राष्ट्रीय संघटनेनेच सांगितलंय, दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, दोन ते पाच वर्षांत दिवसाला एका तासाच्या वर नको, आणि तीही मोठं माणूस जवळ असताना. छोटू चार वर्षांचा आहे. जेवताना त्याला गाण्यांचे व्हिडिओ लावून देण्याची सवय घरात आहे, ती मोडायला हवी, आणि त्यात तुझा आवाज घरात सगळ्यात मोठा असू दे. मंगळवारच्या सेशनमधला फोन वेगळा. तो तुमच्यासाठी असतो. कित्येकदा छोटू तिथे नसला तरी चालतं: आदल्या दिवशी दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवला, बाईंनी तो पाहिला, आणि मंगळवारी तुम्ही दोघी त्यावर बोललात, तर ते उत्तम सेशन. एक सांभाळा. न्हाणीतले, कपडे बदलतानाचे व्हिडिओ कुणालाही पाठवायचे नाहीत, थेरपिस्टलासुद्धा नाही. ते तोंडी सांगावं, किंवा बाहुलीवर करून दाखवावं. छोटूला आज 'नको' म्हणता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने आपण म्हणायचं.

दुरून काय करू नये, हेही लिहून ठेवते. पाणी पिताना किंवा जेवताना मूल वारंवार ठसकत असेल, तर फोन बाजूला ठेवून डॉक्टरकडे जायचं. फिट येत असतील, हात-पाय ताठ होत असतील, स्प्लिंटचं माप घ्यायचं असेल, मूल स्वतःला इजा करत असेल, तर प्रत्यक्षच. छताला टांगलेले झोपाळे आणि मोठी साधनं वापरून जी सेन्सरी इंटिग्रेशन थेरपी करतात, अमेरिकेच्या जीन एअर्स यांनी घडवलेली, तिला ठरावीक जागा, ठरावीक साधनं आणि शेजारी शिकलेला माणूस लागतो. ती फोनवरून करून देतो म्हणणाऱ्याला ती ठाऊक नाही असं खुशाल समज. साडीच्या झोक्यात त्याला गरागरा फिरवायला कुणी फोनवरून सांगितलं तरी फिरवू नका. आणि माझं ठाम मत आहे की पहिली तपासणी समोरासमोर झालीच पाहिजे, पुढेही काही महिन्यांनी एकदा. छोटूची ती कोल्हापुरात झाली म्हणूनच मी निर्धास्त आहे.

निदान कळल्यापासून दादाच्या मोबाईलवर जाहिरातींचा पाऊस पडतोय, 'ऑटिझम मुळापासून बरा'. ऑटिझम हा असा मुळापासून उपटायचा आजार नाही. आपण छोटूचं जगणं सोपं करू शकतो, त्याला स्वतःचं स्वतः करता येईल असं बघू शकतो, आणि तेच मोठं आहे. पैसे मोजायच्या आधी समोरच्याची नोंदणी विचारावी. महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि फिजिओथेरपिस्ट यांची राज्य परिषद आहे, नोंदणी तिच्याकडे असते. विचारल्यावर राग येणाऱ्याकडे जाऊ नये.

कागदपत्रांचं दादाच्या मागे लागायचं काम तुझ्याकडे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड काढता येतं. ते आलं की राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' विम्यात नाव घालता येतं, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत, आणि त्यात बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीही धरलेल्या आहेत. "शिक्का बसेल" म्हणून दादा टाळतोय. त्याला तूच समजाव. शाळेत प्रवेश, पुढे परीक्षेतल्या सवलती, सगळं त्या एका कागदावर अडतं.

अमेरिकेतल्या मराठी घरांतून मला अधूनमधून विचारणा होते, आजीला समजेल अशा मराठीत सांगणारी थेरपिस्ट हवी म्हणून. मला नाही म्हणावं लागतं, कारण तिथे मूल ज्या राज्यात राहतं त्या राज्याचा परवाना थेरपिस्टला लागतो. त्या घरांना जे मिळत नाही ते तुला मिळालंय: तुझ्याच भाषेत, 'पाट' म्हटलं की पाट समजणारी बाई. आणि छोटूशी मराठीतच बोला. दोन भाषांनी ऑटिझमच्या मुलांचं बोलणं मागे पडतं, म्हणून घरात इंग्रजीच बोला, असा सल्ला वहिनीला कुणीतरी दिलाय. त्याला आधार नाही.

वहिनीविषयी शेवटचं, आणि हे लिहिताना मला अवघड वाटतंय. घरच्यांच्या हातून थेरपी करायची म्हटलं की आपल्याकडे त्याचा अर्थ 'आईने करायची' असा होतो. मग मुलाला जमलं नाही की आईने केलं नाही, असं होतं. ती नोकरी करते, रात्री मुलाला उशिरा झोप लागते म्हणून जागते, आणि नातेवाईक तिला विचारतात की गरोदरपणी मोबाईल फार बघितलास का. असं काही केल्यामुळे ऑटिझम होत नाही, हे तू चारचौघांत एकदा मोठ्याने म्हण. तुझ्या म्हणण्याला त्या गावात वजन आहे, माझ्या पदवीला नाही. दादाला रविवारी अर्धा तास छोटूबरोबर बादल्या उचलायला लाव. आणि मंगळवारी सेशनच्या वेळी खळ्यात जाऊ नकोस. इअरफोन या वेळी तू कानात घाल. बाईंना तुझ्याकडून विचारून घ्यायचं खूप आहे. आठवडाभर काय झालं ते वहिनीला संध्याकाळचंच माहीत असतं, दुपारचं तुलाच. तुला एखादी सूचना पटली नाही तर तिथेच सांग. त्यांना ते हवंच आहे.

आणि तुझ्या मैत्रिणी अजून अंगणवाड्यांत आहेत. नावाने हाक मारल्यावर वळून न बघणारं, बोट दाखवून काही न मागणारं, एकटंच चाकं फिरवत बसणारं मूल त्यांच्यासमोर बसलेलं असेल. आपल्याकडे पोरं उशिरा बोलतात, मोठा झाला की होईल, असं त्याच्या आईला सांगू नका म्हणावं त्यांना. तपासणीला पाठवा, आणि सेंटर लांब आहे म्हणून कुणी घरी बसत असेल तर तिला छोटूच्या घराचा पत्ता द्या. तू तिला विटा आणि पाट दाखव.

वहिनीला आणि दादाला नमस्कार सांग, छोटूला तेल लावताना माझ्या वाटणीचं थोडं जास्त लाव.

तुझी भाची